झटके थांबले, तरी शुद्ध का येत नाही? इमर्जन्सीमधील झटपट ईईजीविषयी

फिट आलेल्या रुग्णाला इंजेक्शन दिल्यावर हातपाय उडायचे थांबतात आणि नातेवाइकांना हायसे वाटते. पण अर्धा-पाऊण तास झाला तरी रुग्ण डोळे उघडत नाही, हाकेला ओ देत नाही. "डॉक्टर, ही इंजेक्शनची गुंगीच आहे ना?" हा प्रश्न मग हमखास येतो. बहुतेक वेळा उत्तर 'हो' असते. फिटनंतर मेंदू थकतो, औषधानेही झोप येते. पण काही रुग्णांमध्ये फक्त शरीराचे झटके थांबलेले असतात, मेंदूतली फिट चालूच असते.

न दिसणारी फिट

मेंदूच्या पेशी अतिशय सूक्ष्म विद्युत संदेशांनी एकमेकींशी संपर्क ठेवतात. फिटमध्ये असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात संदेश सोडू लागतात. हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागात हे घडले तर हातपाय उडतात. इतर भागांत घडले, किंवा फिट फार वेळ चालली, तर बाहेरून जवळजवळ काहीच दिसत नाही. पापणी फडफडते, नजर एका बाजूला वळते, रुग्ण उगाच ओठ चाटतो किंवा असंबद्ध बोलतो. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत तर "वयामुळे बरळतात" म्हणून हे सोडूनही दिले जाते. अशी फिट चालूच राहिली तर तिला नॉनकन्व्हल्सिव्ह स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात.

हे वाटते तितके दुर्मीळ नाही. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दीर्घ फिट बाहेरून थांबलेल्या १६४ रुग्णांचा ईईजी सलग पाहिला गेला. त्यातल्या ४८ टक्के रुग्णांच्या मेंदूत फिटची विद्युत हालचाल पुढेही आढळली. २००० साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात कोमातल्या २३६ रुग्णांना पाहिले. फिटचे कोणतेही लक्षण दिसत नसताना ८ टक्के रुग्णांना आतून फिट चालू होती. फिट जितकी लांबते तितकी औषधांना दाद देत नाही आणि मेंदूला इजा होण्याचा धोका वाढतो, म्हणून ती वेळेत ओळखावी लागते.

"पण सीटी स्कॅन तर नॉर्मल आला!" असे नातेवाईक म्हणतात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव, गाठ, सूज दिसते. विजेच्या खांबाचा फोटो पाहून तारेत करंट आहे की नाही हे कळत नाही, तसेच हे आहे. करंट पाहायला ईईजीच लागतो.

नेहमीच्या ईईजीची अडचण

जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी नोंदवला. तपासणी जुनी आणि भरवशाची आहे. मात्र त्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ टेपने डोके मोजून वीसेक इलेक्ट्रोड पेस्टने चिकटवतो आणि नंतर न्यूरॉलॉजिस्ट आलेख वाचतो. रात्री दोन वाजता किंवा रविवारी ही दोन्ही माणसे हाताशी असतीलच असे नाही. तालुक्याच्या गावी तर दिवसाही नसतात.

झटपट ईईजीमध्ये डोक्याला पट्टा किंवा टोपी घालतात. त्यात इलेक्ट्रोड कमी, साधारण आठ-दहा असतात. नर्स किंवा ड्युटीवरचा डॉक्टर पाचेक मिनिटांत तो बसवू शकतो. आलेख लहानशा स्क्रीनवर दिसतो, दूर असलेल्या न्यूरॉलॉजिस्टला पाठवता येतो, आणि काही यंत्रांतले सॉफ्टवेअर फिटची शंका आल्यास इशारा देते. स्टॅनफर्ड विद्यापीठातले न्यूरॉलॉजिस्ट जोसेफ परविझी आणि तिथलेच संगीताचे प्राध्यापक ख्रिस चेफ यांनी तर मेंदूच्या लहरींचे आवाजात रूपांतर केले. आलेख वाचता न येणाऱ्यालाही फिट कानाने ओळखता यावी, ही त्यामागची कल्पना. मला स्वतःला ही फार आवडते.

पट्ट्यातून करंट देतात अशी भीती अनेकांना असते. तसे काही नाही. यंत्र फक्त मेंदूतली विद्युत हालचाल नोंदवते, दुखत नाही. केसांना भरपूर खोबरेल तेल असेल तर नोंद नीट येत नाही, म्हणून ते पुसून घेतात.

उलटा फायदाही मोठा आहे. मानसिक ताणातून येणारे झटके खऱ्या फिटसारखेच दिसतात. अशा रुग्णाला जोरदार औषधे देत गेलो तर श्वास मंदावून व्हेंटिलेटरची वेळ येऊ शकते. झटके चालू असतानाचा ईईजी फिटच्या बाजूने काही दाखवत नसेल, तर डॉक्टर हात आखडता घेऊ शकतात.

मर्यादाही आहेत. इलेक्ट्रोड कमी असल्याने डोक्याच्या मध्यभागाची नोंद काही पट्ट्यांत नीट होत नाही. रुग्ण हलला की आलेख बिघडतो. पट्ट्यावर फिट दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच, असा अर्थ होत नाही. शंका राहिली तर पूर्ण ईईजी करावाच लागतो. आणि समोर हातपाय उडत असताना कोणीही ईईजीची वाट पाहू नये. तिथे आधी श्वास, रक्तातली साखर आणि औषध. ही यंत्रे आपल्याकडे अजून सर्वत्र नाहीत, पण "ईईजी लगेच होईल का, नाहीतर कुठे होईल?" हे विचारायला संकोच करू नका.

नातेवाइकांनी काय करावे

फिट चालू असताना रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, किंवा शुद्ध येण्याआधी पुन्हा आली, तर १०८ ला फोन करा. एकाने मोबाइलवर व्हिडिओ काढावा, डोळे आणि चेहरा दिसेल असा. दवाखान्यात गेल्यावर फिट किती वाजता सुरू झाली, कोणत्या बाजूने, रुग्ण शेवटचा नीट कधी बोलला, फिटच्या गोळ्या किंवा दारू अचानक बंद केली होती का, मधुमेहाची औषधे चालू आहेत का, हे सांगा. इंजेक्शननंतर तासाभरात रुग्ण जागा होताना दिसला नाही, तर "झोपू दे" म्हणून थांबू नका, नर्सला बोलवा.