शरणागताची साक्ष : निर्वासितत्वाच्या निर्णयातील न्याय्यतेचा प्रश्न

वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात विभीषण समुद्राच्या उत्तर तीरावर येऊन रामाकडे आश्रय मागतो. भक्तिपर वाचनात हा प्रसंग शरणागतीचा आदर्श म्हणून सांगितला जातो. तथापि त्याच प्रसंगात एक रीतसर चौकशीही आहे, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. राम एकेकाचे मत विचारतो. सुग्रीवाला आलेला मनुष्य शत्रूचा हस्तक वाटतो. अंगद त्याची परीक्षा घ्यावी म्हणतो. शरभ गुप्तचर पाठवू पाहतो. जांबवानाला त्याच्या येण्याचे स्थळ व वेळ दोन्ही संशयास्पद वाटतात. मैंद गोड शब्दांनी हळूहळू विचारपूस करावी असे सुचवितो. हनुमान मात्र चौकशीच्या पद्धतीलाच हरकत घेतो. अवचित प्रश्न विचारले गेले तर शहाणा मनुष्यही शंकित होतो आणि जो मित्र होऊ शकला असता तो दुरावतो, असे त्याचे म्हणणे आहे. अखेरीस राम अभय देतो. आश्रय मागणाऱ्याचे म्हणणे कोणी, कसे व कोणत्या गृहीतावर ऐकावे, हा जो प्रश्न येथे उभा राहतो, तोच आजच्या निर्वासितत्व-निर्णयाचाही गाभा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार जयपुरात आश्रयास आलेल्या दोन समूहांच्या आधारे करावयाचा आहे.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्वासिताची व्याख्या 'साधार भय' या कल्पनेवर उभारली. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने छळ होईल असे भय ज्यास वाटते आणि ज्याचे भय निराधार नाही, तो निर्वासित. भारताने या करारावर किंवा १९६७ च्या पूरक मसुद्यावर स्वाक्षरी केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत निर्णयाची काही तत्त्वे सांगितली आहेत. सिद्धतेचा भार मुळात अर्जदारावर असला तरी वस्तुस्थिती शोधून काढण्याची जबाबदारी परीक्षकानेही वाटून घ्यावी. आणि पळून आलेल्याजवळ कागदपत्रे क्वचितच असतात हे ध्यानी घेऊन, त्याची हकीकत एकंदरीत विश्वसनीय असल्यास संशयाचा फायदा त्यास द्यावा, ही त्यांतील प्रमुख होत.

म्हणजे बहुतेक वेळा अर्जदाराची हकीकत हाच पुरावा असतो, आणि येथे साहित्याच्या अभ्यासकास परिचित असलेल्या अडचणी सुरू होतात. परीक्षकाची अपेक्षा असते की कथन कालानुक्रमाने यावे, तपशील दर वेळी तेच असावेत, आणि सांगणाऱ्याच्या मुद्रेवर भय दिसावे. यांतील शेवटच्या अपेक्षेविषयी नाट्यशास्त्राने सावधगिरीचा मोठा धडा दिलेला आहे. भरताने सांगितलेल्या आठ सात्त्विक भावांत वेपथु व अश्रू आहेत, तसा स्तंभही आहे. भयाने एकाचे अंग कापते आणि दुसरा निश्चल, निःशब्द होतो. शिवाय हे सर्व भाव नट रंगभूमीवर साधू शकतो. तेव्हा जो रडला तो खरा आणि जो कोरडेपणाने बोलला तो खोटा, असा निष्कर्ष काढणे शास्त्रास धरून नाही. खुद्द हनुमानाने विभीषणाच्या प्रसन्न मुद्रेवरून त्यास निष्कपट ठरविले. त्याचा निष्कर्ष बरोबर निघाला, परंतु ही कसोटी दुसऱ्या कोणास लावताना तितकीच खरी ठरेल असे नाही. दुभाष्याच्या द्वारे जबानी होते तेव्हा ही अडचण दुणावते, कारण अर्जदाराचा संकोच आणि दुभाष्याचा शब्दशोध यांतील फरक परीक्षकास कळण्याचा मार्ग राहत नाही.

आता पहिला समूह पाहू. १९७१ च्या युद्धात जयपूरच्या राजघराण्यातील लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने सिंधमधील छाछरो गावावर छापा घातला, आणि थरपारकरचा मोठा भाग काही काळ भारताच्या ताब्यात आला. १९७२ च्या सिमला करारानुसार तो प्रदेश परत गेला. परंतु तेथून राजस्थानात आलेली हजारो हिंदू माणसे परत गेली नाहीत. पुढेही हा ओघ थांबला नाही. २००६ ते २०१९ या काळात जोधपूर-कराची मार्गावर धावणारी थार एक्सप्रेस ही अनेकांची वाट होती. या लोकांना राजस्थानात 'पाक विस्थापित' म्हणतात. मराठीत रूढ असलेला 'निर्वासित' हा शब्द घालवून देणाऱ्याकडे बोट दाखवितो, हिंदीतील 'शरणार्थी' दाराशी उभ्या असलेल्याच्या याचनेकडे. 'विस्थापित' हा शब्द मात्र मनुष्य जागेवरून हलला एवढेच सांगतो, का हलला हे विचारीत नाही.

कायद्याची रीतही पुष्कळशी या शब्दासारखीच आहे. २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने जयपूर, जोधपूर व जैसलमेर, तसेच महाराष्ट्रातील नागपूर, मुंबई, पुणे व ठाणे येथील जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांस नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. २०१९ च्या नागरिकत्व (सुधारणा) अधिनियमाने पाकिस्तान, अफगाणिस्तान व बांगलादेश येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती व्यक्तींना नागरिकत्वाचा मार्ग मोकळा केला, आणि त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी निघाले. येथे अर्जदाराला छळाची हकीकत सांगून पटवावी लागत नाही. समूहापुरता छळ गृहीत धरलेला असून मूळ देश, धर्म आणि येण्याची तारीख एवढेच सिद्ध करावयाचे असते. मुदत संपलेली कागदपत्रेही चालतात. हे औदार्य मोलाचे आहे. ज्यास आपले दुःख परक्यापुढे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागत नाही, त्याची एका अपमानातून सुटका होते. परंतु गृहीताला तारखेची सीमा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये आलेला भाऊ या मार्गाने जाऊ शकतो आणि जानेवारी २०१५ मध्ये आलेली बहीण जाऊ शकत नाही, मग दोघांचे भय एकच का असेना. २०२५ च्या सप्टेंबरातील आदेशाने देशात राहण्यापुरती ही सीमा ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत पुढे नेली. नागरिकत्वाची सीमा मात्र जुनीच राहिली.

भाषेची एक अटही येथे लक्षणीय आहे. देशीयकरणाच्या मार्गाने नागरिकत्व मागणाऱ्याने संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एखादी भाषा आपणांस पुरेशी येते असे निवेदन करावयाचे असते. थरपारकर, बाडमेर व जैसलमेर या सलग पट्ट्यात बोलली जाणारी ढाटकी त्या अनुसूचीत नाही, आणि राजस्थान विधानसभेने २००३ मध्ये ठराव करूनही राजस्थानीला तेथे स्थान मिळालेले नाही. १९६७ मध्ये समाविष्ट झालेली सिंधी आहे, हिंदी आहे. व्यवहारात ही अट जड नाही, कारण कामापुरती हिंदी बहुतेकांना येते. तथापि सीमेच्या दोन्ही बाजूंस असलेली जी भाषा या माणसांचे येथल्या भूमीशी नाते सर्वांत स्पष्टपणे सांगते, तीच अर्जात मोजली जात नाही, हे भाषांच्या अभ्यासकांनी नोंदवून ठेवावयास हवे.

दुसरा समूह रोहिंग्यांचा. म्यानमारमधून आलेली त्यांची काही कुटुंबे जयपुरातही राहिली आहेत. उपरोक्त अधिनियमात त्यांचा देश नाही आणि धर्मही नाही. त्यांची हकीकत ऐकतात ती दिल्लीतील उच्चायुक्तांच्या कार्यालयातील माणसे. तेथे सविस्तर मुलाखत होऊन निर्वासित म्हणून मान्यता मिळते, परंतु केंद्र सरकार त्यांस बेकायदा स्थलांतरितच मानते. गृहमंत्रालयाने २०११ मध्ये आखलेल्या कार्यपद्धतीत वंश, धर्म, लिंग इत्यादी कारणांनी साधार भय असणाऱ्यास दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याची तरतूद होती, आणि तिची भाषा १९५१ च्या कराराहूनही व्यापक होती. पण ते प्रशासकीय निर्देश होते, संसदेने केलेला कायदा नव्हे. अशा रीतीने एकाच शहरात एका समूहाला न ऐकताच मान्यता मिळते, तर दुसऱ्याचे ऐकून घेतले तरी त्या ऐकण्यास राज्यसंस्थेच्या दृष्टीने मोल नसते. दोन्हीकडे व्यक्तीची साक्ष निर्णायक ठरत नाही.

आपल्या संविधानाची दृष्टी याहून व्यापक आहे. अनुच्छेद १४ व २१ यांचे संरक्षण 'नागरिका'ला नव्हे, 'व्यक्ती'ला दिलेले आहे. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशातील चकमांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला. त्याचबरोबर त्यांचे नागरिकत्वाचे अर्ज स्थानिक अधिकाऱ्यांनी अडवून न ठेवता नोंदवून केंद्राकडे पाठवावेत, असेही बजावले. अर्ज पुढे जाणे ही बाब क्षुल्लक दिसते, परंतु जे म्हणणे निर्णयकर्त्यापर्यंत पोचतच नाही त्याचा न्याय होणे शक्य नाही. २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांच्या प्रकरणी याच न्यायालयाने विहित कार्यपद्धती पाळल्याशिवाय त्यांस परत पाठवू नये असे म्हटले. पण ती कार्यपद्धती परकीयांना देशाबाहेर घालविण्याची होती, भय साधार आहे की नाही हे ठरविण्याची नव्हे. ही उणीव एखाद्या सविस्तर निर्वासितविषयक कायद्यानेच भरून निघेल.

असा कायदा झाला तर त्यात किमान चार गोष्टी असाव्यात असे सुचवावेसे वाटते : अर्जदाराच्या बोलीचा जाणकार दुभाषी, त्याच्या जबानीची प्रत त्यास वाचून दाखविणे व दुरुस्तीची संधी देणे, नकाराची लेखी कारणे, आणि वेगळ्या अधिकाऱ्यापुढे अपील. समूहाला अनुकूल गृहीत धरण्यास हरकत नाही, त्याने हजारोंचे कष्ट वाचतात. परंतु जो त्या समूहात बसत नाही त्याला ऐकून घेण्याचे दार उघडे राहिले, तरच त्या गृहीताला औदार्य म्हणता येईल, एरवी ती निवड ठरेल. विभीषणाला अभय देताना रामाने असेही सांगितले की स्वतः रावण आला असता तरी हेच अभय त्यास मिळाले असते. येणारा कोणत्या कुळाचा, हा प्रश्न त्याने निर्णयाचा आधार केला नाही. आपल्या परंपरेतील हा प्रसंग आपण आदर्श म्हणून सांगत असू, तर त्यातील हा भाग वगळून चालणार नाही.