पदर सुटले तरच वीज साठते

पेन्सिलीतल्या ग्राफाइटमध्ये ऑक्सिजन शिरवून इंग्रज रसायनशास्त्रज्ञ ब्रोडी यांनी १८५९ मध्ये ग्राफाइट ऑक्साइड बनवले. त्याचे पदर पाण्यात सुटतात, पण त्यातून वीज जेमतेम वाहते. हायड्राझिन या विषारी रसायनाने बराचसा ऑक्सिजन काढला की ती पुन्हा वाहू लागते. टेक्सासमध्ये रुऑफ यांच्या चमूने २००८ मध्ये या पदरांचे इलेक्ट्रोड केले. धारकता मिळाली ग्रॅममागे सुमारे १३५ फॅरड. ग्राफीनच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ हिशेबाने २,६३० चौरस मीटर. हाती आले सुमारे ७०५. तेल न लावलेल्या पोळीसारखे पदर पुन्हा चिकटतात आणि वीज तर साठते पृष्ठभागावरच! झटपट भरणारा संचय हवा असेल, तर पदर सुटे राखायला शिकणे, तेही विषाविना, हेच मला खरे काम वाटते.