‘शॅल’ : देणे लागणारे क्रियापद

सालवडहून तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीला जाण्यात माझी बावीस वर्षे गेली. तिथल्या एका कारखान्यात पाटी होती : ‘माल सोडण्यापूर्वी ऑपरेटर व्हॉल्व्ह तपासील.’ नव्या हेल्परने ती वाचली, लाइन उघडली आणि ॲसिडने हात भाजून घेतला. दवाखान्यात तो म्हणाला, “काका, ऑपरेटर तपासील असं लिहिलंय ना? मला वाटलं, तपासलं असेल.” मूळ इंग्रजी सूचनेत ‘शॅल चेक’ होते. तेव्हापासून मी या ‘शॅल’च्या मागे लागलो.

शाळेत आपण शिकलो : ‘आय’ आणि ‘वी’पुढे ‘शॅल’, बाकी सगळ्यांपुढे ‘विल’. हा नियम जॉन वॉलिस याने 1653 साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात मांडला. पण त्याचा उत्तरार्ध आपल्या लक्षात राहत नाही. तृतीय पुरुषाबरोबर ‘शॅल’ आले, की ते नुसते भविष्य सांगत नाही. हुकूम किंवा वचन देते. कायद्याची इंग्रजी याच उत्तरार्धावर चालते.

याचे मूळ शब्दाच्या जन्मात आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचा एक अर्थ ‘देणे लागतो’ असा होता. कर्जातून कर्तव्य आले आणि कर्तव्यातून भविष्यकाळ. मराठीलाही यातली पहिली पायरी ठाऊक आहे. आपण ‘पैसे देणे लागतो’ म्हणतो आणि ‘काम करावे लागते’ असेही म्हणतो. दोन्हीकडे ‘लागणे’च.

कायद्यांच्या मराठी अनुवादात ‘शॅल’साठी ‘करील’, ‘असेल’ अशी रूपे रूढ आहेत. वकिलाला त्यातला हुकूम कळतो; कामगाराला फक्त भविष्यकाळ दिसतो. ‘तपासावा’ हे विध्यर्थी रूप बरे, पण ते सल्ल्यासारखेही वाचता येते. ‘तपासलाच पाहिजे’ यात मात्र पळवाट नाही.

खुद्द न्यायालयांनाही ‘शॅल’चा अर्थ संदर्भानेच लावावा लागतो. मनबोधन लाल श्रीवास्तव खटल्यात 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की संविधानाच्या कलम 320 मध्ये लोकसेवा आयोगाचा सल्ला घेण्याबाबत ‘शॅल’ असले, तरी तो न घेतल्याने सरकारी कारवाई रद्द होत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारची साध्या भाषेची मार्गदर्शक सूत्रे तर ‘शॅल’ टाळून ‘मस्ट’ वापरायला सांगतात.

आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 108 ने त्या कायद्याखालच्या सूचना इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितले. त्यातला ‘समजेल’ हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. लिपी मराठी केली, म्हणजे सूचना समजली असे नाही.

आमची पाटी पुढे बदलली : ‘ऑपरेटरने व्हॉल्व्ह तपासलाच पाहिजे. तोपर्यंत कोणीही माल सोडू नये.’ वाचकांपैकी कोणी अशा पाट्या लिहीत असेल, तर ‘करील’ लिहिण्याआधी एकदा थांबावे. नव्या माणसाला ती वाचायला द्यावी आणि काय कळले ते विचारावे.