कपाटामागची बुरशी

श्रावणातली गोष्ट. नणंदबाई दोन दिवसांसाठी आमच्याकडे डोंबिवलीला आल्या होत्या. दुपारची जेवणं आटोपल्यावर त्यांना माझी नारायणपेठ बघायची होती, म्हणून मी कपाट उघडलं आणि आतून असा काही कुबट भपका आला की दोघीही मागे सरकलो. साडीच्या घडीवर पांढरट हिरवी बुरशी! कपाट जरा पुढे ओढून पाहिलं, तर मागची भिंत कमरेइतक्या उंचीपर्यंत काळी पडलेली. "वहिनी, अगं कपाट कधी पुसतेस की नाही?" त्या आपल्या सहज बोलून गेल्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरं सांगायचं तर कपाट मी दर पंधरवड्याला पुसत होते. दर दिवाळीला ती भिंत रंगवूनही घेत होतो. पण त्याहून मनाला लागलेली गोष्ट वेगळीच आहे.

त्याच्या आदल्याच आठवड्यात धाकटीला घेऊन मी डॉक्टरांकडे गेले होते. पाऊस सुरू झाला की तिचा रात्रीचा खोकला सुरू होई. मे महिन्यात सोलापूरला आजोळी गेली की खोकल्याचं नाव नाही. तिचा पलंग नेमका त्या कपाटाशेजारी, त्याच भिंतीला लागून. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?" मी चटकन म्हटलं, "छे हो, घर अगदी स्वच्छ असतं आमचं." ओल आहे असं सांगणं म्हणजे आपण घर नीट ठेवत नाही याची कबुली, असं मला वाटलं. साध्या प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं आणि औषध तेवढं वाढवून आणलं.

मैत्रिणींनो, बुरशीचा आणि गृहिणीच्या आळसाचा फारसा संबंध नाही. बुरशीचं बी, म्हणजे बीजाणू, डोळ्यांना न दिसणारे असतात आणि हवेत सगळीकडे तरंगत असतात. आरशासारख्या लख्ख घरातही ते असतातच. खायला त्यांना काहीही चालतं: कागद, लाकूड, चामडं, कपड्याची खळ, भिंतीवरची धूळ. अडतं ते फक्त पाण्यावाचून. ओली झालेली वस्तू दिवस-दोन दिवसांत खडखडीत वाळली तर बुरशी सहसा धरत नाही. म्हणून काळा डाग दिसला की आधी फडकं शोधायचं नाही, पाणी कुठून येतंय ते शोधायचं.

आता हे पाणी येतं कुठून? मुंबईच्या बाजूला एकट्या जुलै महिन्यात आठशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तोही वाऱ्याबरोबर तिरका. नैऋत्येकडची नाहीतर पश्चिमेकडची भिंत महिनोन् महिने भिजत राहते. कोकणात जुनी माणसं पावसाआधी पडवीला झावळ्यांचे झाप बांधायची ते उगीच नव्हे. आपल्या इमारतींना गिलाव्यात बारीकशी चीर गेली, छज्जाच्या सांध्यात फट पडली, की पाणी तिथून शिरतं आणि आत दुसरीकडेच उमटतं. दुसरं पाणी नळांचं: भिंतीतला गळका सांधा, वरच्यांची न्हाणी.

पण तिसरं पाणी आपण स्वतःच घरात सोडत असतो, आणि त्याची आपल्याला गंधवार्ताही नसते. मी एकदा डबलबेडची सुती चादर वजनकाट्यावर ठेवून पाहिली. कोरडी असताना सहाशे ग्रॅम, हातानं पिळल्यावर सव्वा किलो. म्हणजे ती घरातल्या दोरीवर वाळली की अर्धा लिटरहून जास्त पाणी खोलीच्या हवेत! तशा आठवड्याच्या चादरी, टॉवेल, ह्यांच्या पँटी धरा. स्वयंपाकाच्या गॅसचं तर मला नवलच वाटलं. गॅस जळताना त्यातून पाण्याची वाफ तयार होते. एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलो. १४.२ किलोचा सिलिंडर संपेतो बावीसेक लिटर पाणी हवेत जातं, आणि भाताची, आमटीची वाफ वेगळीच. खिडक्या बंद असल्या की ही सगळी दमट हवा घरातल्या गार भिंतीवर जाऊन बसते. कपाटामागे तर वाराही फिरकत नाही.

आपल्या घरातली ओल कुठली, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद वहीच्या पानाएवढा कापायचा. भिंतीचा तेवढा भाग कोरडा पुसून, चारी कडांना चिकटपट्टी लावून तो घट्ट बसवायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. कागदाच्या आपल्या बाजूला दव दिसलं तर दोष खोलीतल्या हवेचा. मागच्या बाजूला ओल दिसली तर पाणी भिंतीतून येतंय. आणखी एक. भिंतीवर पांढरा भुगा दिसला म्हणजे तो बुरशीच असतो असं नाही. तो लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ बाहेर आलेलं असू शकतं. पाणी शिंपडलं की मीठ विरघळतं, बुरशी विरघळत नाही. अर्थात लोणा ही सुद्धा ओलीचीच खूण.

आमच्याकडे कागदाची मागची बाजू चिंब झाली. वरच्या मजल्यावरच्या काकूंची न्हाणी गळते अशी माझी पक्की खात्री होती, आणि त्यापायी दोन वर्षं मी त्यांच्याशी धड बोलले नव्हते. प्लंबरनं त्यांच्या मोरीत रंगाचं पाणी ओतलं, वाट पाहिली. आमच्या भिंतीवर रंगाचा ठिपकाही नाही. चीर निघाली बाहेरच्या गिलाव्यात, खिडकीच्या छज्जाखाली. गणपतीत मोदक घेऊन काकूंकडे गेले तेव्हा त्यांच्या डोळ्याला डोळा देणं मला जड गेलं.

सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत याचा खुलासा आहे: बाहेरून मुरणारं पावसाचं पाणी आणि सामाईक नळ यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं, आपल्या न्हाणीघरातून, सिंकमधून होणारी गळती मात्र आपल्या खर्चानं. तक्रार लेखी द्यावी, सोबत फोटो जोडावेत आणि पोच घ्यावी. तोंडी तक्रार चहाबरोबर विरून जाते हा आमचा अनुभव.

आणि रंग? ओल्या भिंतीवर रंग मारणं म्हणजे अक्षरशः पैसे पाण्यात. त्याच्या पोटात बुरशी वाढतच राहते आणि पुढच्या पावसात पोपडे धरतात. याहून मोठी किंमत मोजावी लागल्याचं उदाहरणही आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात डिसेंबर २०२० मध्ये आवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा श्वसनाच्या विकारानं गेला. घर भाड्याचं, एका गृहनिर्माण संस्थेचं. वडिलांनी २०१७ मध्येच बुरशीची तक्रार केली होती. त्यांना सांगण्यात आलं, वरून रंग मारा. दोष त्या कुटुंबाच्या राहणीवर ढकलला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये चौकशी अधिकारी बाईंनी निर्णय दिला की मृत्यू घरातल्या बुरशीमुळेच ओढवला. पुढच्या वर्षी तिथे भाड्याच्या सार्वजनिक घरांसाठी जो कायदा झाला तो आवाबच्या नावानंच ओळखला जातो. ही हकिगत वाचली त्या रात्री मी धाकटीचा पलंग दुसऱ्या खोलीत ओढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरं काय ते सांगून टाकलं.

घाबरून जाऊ नका. बहुतेक घरांत असं काही होत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे की ओल आणि बुरशी असलेल्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, श्वसनाचे संसर्ग यांचा धोका वाढतो आणि दमा बळावतो. लहान मुलं, म्हातारी माणसं, दमेकरी, कर्करोगाचे उपचार चालू असलेले रुग्ण यांना जास्त जपायला हवं. मेलेल्या बुरशीचीही अ‍ॅलर्जी होते, म्हणून नुसतं औषध फवारून भागत नाही, ती पुसून काढावी लागते. आणि २०२१ मध्ये कोविडनंतर जी 'काळी बुरशी' गाजली, ती वेगळी. तो म्युकरमायकोसिस मुख्यतः साखर आटोक्यात नसलेल्या आणि स्टिरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तो रोग नव्हे.

पुसायचं कसं? डाग तीन फूट लांब-रुंदीपर्यंतचा असेल तर आपण काढू शकतो. नाकातोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, खिडकी उघडी आणि खोलीचं दार बंद. मुलांना शेजारी पाठवा. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं घासा आणि भिंत पंख्याखाली कोरडी होऊ द्या. कोरड्या झाडूनं झटकू नका. बीजाणू घरभर उडतात. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुवायचं अ‍ॅसिड एकत्र तर चुकूनही करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. आतपर्यंत बुरशी धरलेली गादी, उशी टाकून देणंच बरं, जीव कितीही कळवळला तरी.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवा. डांबरगोळ्या कसरीसाठी असतात, ओल त्या शोषत नाहीत. साड्या प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, जुन्या धुवट मलमलीत गुंडाळा आणि उघडीप मिळाली की कपाटाची दारं सताड उघडी टाका.

जाता जाता स्वयंपाकघरातही डोकवा. काळपट, सुरकुतलेले, कडवट शेंगदाणे कुटात ढकलू नका. त्यांवरची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला बाधतं आणि भाजल्याने, शिजवल्याने पुरतं जात नाही. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवरच्या बांसवाडा आणि पंचमहाल भागांत पावसात भिजून बुरशी लागलेला मका खाण्यात आला आणि १०६ माणसं दगावली. पावाची बुरशी लागलेली कड कापून उरलेला पाव खाणंही नको; मऊ पदार्थात तिचे धागे आत खोल गेलेले असतात.

आमची बाहेरची चीर दिवाळीनंतर, भिंत पुरती वाळल्यावर बुजवली. धाकटीचा खोकला अगदी गेला असं नाही म्हणणार, पण रात्री ती झोपते. आता पुतण्या बदलापूरला फ्लॅट बघतोय. दलाल त्याला फेब्रुवारीत ताज्या रंगाची घरं दाखवत होता. मी त्याला म्हटलं, "अरे, ऑगस्टमध्ये जा, आणि हॉल बघण्याआधी कपाटाची दारं उघडून वास घे."