बदकांचा हंगाम आणि मुलांचे दोन दिवस

अमेरिकेत बदकांच्या शिकारीचा मुख्य हंगाम बहुतेक राज्यांत पावसाळी हवेला थंडीची धार आल्यावर सुरू होतो. उत्तरेकडच्या अनेक राज्यांत मात्र त्याच्या आधी, सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवार-रविवारी, तळ्यांच्या काठावर पहाटेपासून वर्दळ दिसते. त्या दिवसांत बदकांवर बंदूक चालवण्याची मुभा फक्त मुलांना असते. केंद्रीय नियमांनुसार मुलाचे वय १७ किंवा त्याहून कमी हवे. राज्यांना ही मर्यादा आणखी खाली आणता येते. मुलासोबत १८ वर्षे पूर्ण झालेला माणूस असलाच पाहिजे आणि त्या माणसाने स्वतः बदकावर बार टाकायचा नाही. १९९६ मध्ये ही सवलत एका दिवसापुरती सुरू झाली, पुढे तिचे दोन दिवस झाले. हे दिवस शाळेला सुटी असतानाच ठेवावेत, असेही नियमात आहे.

शिकारीला कायद्याने पूर्ण बंदी असलेल्या देशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा प्रकार चमत्कारिक वाटणे साहजिक आहे. पक्ष्यांच्या रक्षणासाठी शंभर वर्षांपूर्वी कडक कायदा करणारा देश कोवळ्या मुलांच्या हाती बंदूक का देतो? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शिकारीपेक्षा पाणथळ जागांच्या अर्थकारणाकडे अधिक पाहावे लागते.

कायदा कोठून आला?

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत बदके बाजारासाठी मारली जात. रेल्वे आली, बर्फात माल टिकू लागला आणि दूरच्या तळ्यांवरची बदके मोठ्या शहरांच्या बाजारात पोचू लागली. नावेवर बसवलेल्या प्रचंड बंदुकीच्या एका बारात पाण्यावर बसलेला थवाच्या थवा लोळवला जाई. याच काळात प्रवासी कबुतर ही एके काळी आकाश झाकून टाकणारी जात संपली. तिची शेवटची मादी, ‘मार्था’, सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात १ सप्टेंबर १९१४ रोजी मेली.

दोन वर्षांनी, १९१६ मध्ये, अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांविषयी करार झाला. १९१८ मध्ये त्याचा कायदा झाला. रानबदकांची विक्री बंद झाली. १० मार्च ते १ सप्टेंबर हा प्रजननाचा काळ शिकारीला पूर्ण बंद ठरला. हंगाम कधी आणि किती दिवस, दिवसाला किती पक्षी, हे सारे सरकार ठरवू लागले. लवकरच्या हंगामाचा प्रारंभ सप्टेंबरातच का होतो, याचे मूळ या करारात आहे.

पैसा कोणाचा?

कायद्याने बंदूक आवरली, पण तळी वाचली नाहीत. वसाहतकाळाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकापर्यंत अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील निम्म्याहून अधिक पाणथळ जागा निचरा करून शेतीखाली वा वस्तीखाली गेल्या. १९३० च्या दशकातल्या दुष्काळाने तर बदकांची अंडी घालण्याची गवताळ डबकीही कोरडी पाडली.

त्या वेळी जीवशास्त्रीय पाहणी खात्याच्या प्रमुखपदी ‘डिंग’ डार्लिंग हे व्यंगचित्रकार होते. १९३४ मध्ये ‘डक स्टॅम्प’चा कायदा झाला आणि पहिल्या तिकिटावरचे चित्र डार्लिंग यांनीच काढले. १६ वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याने हे तिकीट विकत घ्यायचे. पहिल्या वर्षी त्याची किंमत १ डॉलर होती, आज ती २५ डॉलर आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमागे ९८ सेंट पाणथळ जमीन विकत वा कराराने घेण्यासाठी जातात. या पैशांतून आजवर ६० लाख एकरांहून अधिक जमीन राखली गेली. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवरचा कर (आज ११ टक्के) वन्यजीवांसाठी राखून ठेवला. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो.

या व्यवस्थेचे फळ आकड्यांत दिसते. २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे ३०० कोटी पक्षी कमी झाले. माळरानावरचे पक्षी तर निम्म्याहून अधिक घटले. त्याच काळात बदके आणि हंस मात्र ५० टक्क्यांहून अधिक वाढले. ज्यांची शिकार होते तेच पक्षी वाढले, कारण त्यांच्या तळ्यांसाठी दरवर्षी पैसे मोजणारे लोक होते.

पेच इथेच आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला २० लाखांहून अधिक डक स्टॅम्प विकले जात. आज हा आकडा १५ लाखांच्या आसपास आहे, आणि त्यातली काही तिकिटे संग्राहक आणि पक्षिनिरीक्षकही घेतात. मुले शहरात वाढतात, आजोबांची बंदूक माळ्यावर पडून राहते. शिकारी संपले तर तळ्यांचा पैसाही आटणार, ही भीती मुलांच्या दोन दिवसांमागे आहे.

सप्टेंबरची अवघड परीक्षा

हंगामाचा आरंभ मुलांसाठी सोयीचा, कारण हवा उबदार असते आणि पक्षी अजून बंदुकीला बुजलेले नसतात. पण ओळख पटवण्याच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत अवघड आहे.

उन्हाळ्यात नर बदके आपली रंगीत पिसे टाकतात आणि काही आठवडे त्यांना उडताही येत नाही. सप्टेंबरात त्यांच्या अंगावर मादीसारखा मातकट वेष असतो. हिवाळ्यात हिरव्या डोक्यावरून लांबून ओळखू येणारा मॅलर्डचा नर तेव्हा मादीच्या शेजारी बसला, तर नवख्याला फरक सांगता येत नाही. नियम मात्र सवलत देत नाहीत. मिसिसिपी स्थलांतरमार्गावरच्या राज्यांत दिवसाला ६ बदकांची मर्यादा आहे. त्यांत मॅलर्ड ४ आणि त्यांतल्या माद्या २ च. म्हणून मुलाला पंखावरचा चमकदार पट्टा, उडण्याची ढब, थव्याचा आकार आणि आवाज यांवरून पक्षी ओळखायला शिकावे लागते, तेही दोन-तीन सेकंदांत.

निळ्या पंखांचे टील हे छोटे बदक सर्वांत आधी दक्षिणेकडे निघते. मुख्य हंगाम सुरू होईपर्यंत ते बरेचसे निघून गेलेले असते. त्यामुळे अनेक राज्ये सप्टेंबरात फक्त टीलसाठी छोटा हंगाम ठेवतात. पण थापट्या बदकाच्या पंखावरही तसाच फिकट निळा पट्टा असतो. मोठी पसरट चोच दिसली नाही तर फसगत ठरलेली. उत्तरेतल्या काही राज्यांत या हंगामात सूर्योदयाआधीच्या अर्ध्या तासाची नेहमीची मुभा दिलेली नाही. अंधुक उजेडात चूक होऊ नये, हा हेतू.

हंसांची कहाणी वेगळीच आहे. कॅनडा हंसाची ‘जायंट’ ही मोठी उपजात नामशेष झाली असे समजले जात होते. १९६२ मध्ये मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावच्या तळ्यावर ती हॅरल्ड हॅन्सन यांना सापडली. मग तिची पैदास करून पक्षी ठिकठिकाणी सोडण्यात आले. ते इतके फोफावले, की स्थलांतर न करता बागा, गोल्फची मैदाने आणि विमानतळ यांवर ठाण मांडून बसले. उत्तरेकडून खरे स्थलांतरित हंस येण्यापूर्वीच या स्थानिक हंसांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी सप्टेंबरचा हंस-हंगाम आहे. मुलांच्या दिवशी तो चालू असेल, तर सोबतच्या मोठ्या माणसाला हंसावर बार टाकता येतो, बदकावर मात्र नाही.

लपणात काय शिकवले जाते?

मुलाला आधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम शिकवला जातो. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे. नळी कोणाच्याही दिशेला जाऊ द्यायची नाही. बोट चापापासून दूर ठेवायचे. नेम आणि नेमाच्या पलीकडे काय आहे, हे पाहिल्याशिवाय बार टाकायचा नाही. लव्हाळ्यांच्या लपणात शेजारी बसलेल्याने कोणत्या दिशेला नेम धरायचा, हे आधीच ठरते. बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसे मावता कामा नयेत, हा नियम सर्वांनाच आहे. नवख्याच्या बंदुकीत बरेच वडीलधारे एका वेळी एकच काडतूस घालतात.

१९९१ पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छरे वापरायला देशभर बंदी आहे, कारण तळाशी पडलेले छरे खडे समजून गिळल्याने बदकांना विषबाधा होई. पोलादाचे छरे हलके असल्याने त्यांचा जोर लवकर ओसरतो. म्हणून ३०-३५ मीटरपलीकडचा पक्षी सोडून द्यायचा. जखमी होऊन लव्हाळ्यात शिरलेला पक्षी शोधण्याचा नीट प्रयत्न करणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि इथे लॅब्राडोर कुत्र्याची खरी मदत होते. सप्टेंबरच्या उकाड्यात मांस लवकर बिघडते, तेव्हा पक्षी तिथेच साफ करावा लागतो. पण जात ओळखता यावी म्हणून एक पंख वा डोके घरी पोचेपर्यंत तसेच ठेवायचे. पायात कडे सापडले, तर त्याचा क्रमांक सरकारच्या पक्षिकडे प्रयोगशाळेला कळवायचा.

या सगळ्यात ‘मारू नकोस’ असे सांगण्याचे प्रसंग ‘मार’ म्हणण्याहून कितीतरी जास्त येतात. शिकवणारे अनुभवी लोक यालाच खरे शिक्षण म्हणतात. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही दुर्लक्षण्यासारखे नाही. संयम शिकवायला जीव घ्यावा लागतो का? निसर्गप्रेमाचा प्रारंभ दुर्बिणीने का होऊ नये? तळ्यांच्या खर्चाचा भार एका छंदावर टाकणे शहाणपणाचे नाही, असेही अनेक पक्षिनिरीक्षक म्हणतात आणि स्वतःहून डक स्टॅम्प विकत घेतात.

आपल्या तळ्यांकडे पाहताना

आपल्याकडची शिकार अशी नियमांत बसवलेली नव्हती. भरतपूरच्या घना तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी १९३८ मध्ये झालेल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. ते तळे टिकले, ते मात्र संस्थानाने शिकारीसाठी राखले म्हणूनच. आज ते जागतिक वारसा आहे. मुंबईत सालिम अली या मुलाने एअरगनने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथे मिलार्ड यांनी त्याला कपाटांतले पक्ष्यांचे नमुने उघडून दाखवले. भारतीय पक्षिशास्त्राचा एक मोठा अध्याय त्या प्रश्नातून सुरू झाला.

१९७२ च्या कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने आपण शिकारीचे दार बंद केले, आणि ते योग्यच झाले. पण शिकाऱ्याबरोबर तळ्याला दरवर्षी पैसे देणारा, पाण्याची पातळी विचारणारा, पिसावरून जात सांगणारा माणूसही आपण निर्माण केला नाही. नांदूर मध्यमेश्वरला २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून मान मिळाला. गावोगावच्या लहान तलावांवर मात्र भराव, सांडपाणी आणि बेसुमार मासेमारी यांचे संकट आहे. तिथे उतरणाऱ्या हळदीकुंकू बदकांची आणि थापट्यांची बाजू मांडायला कोणी नसते.

आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तिला बंदूक लागत नाही. पण भल्या पहाटे उठणे, थंडीत गप्प बसणे आणि क्षणात पक्षी ओळखणे, हे सारे लागते. दिवाळीची सुटी संपताना उत्तरेकडचे थवे आपल्याकडे येऊ लागलेले असतात. जानेवारीपर्यंत दहा-बारा जाती ओळखता येतील एवढा वेळ शाळकरी मुलांच्या हाती अजून आहे. त्यांना तळ्यावर घेऊन जाणारा एक मोठा माणूस मात्र प्रत्येक गावात हवा.