पॅकेटांचा चोख हिशेब

नेटवर्कवरून येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांची आणि बाइटांची मोजणी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, सतत करत असतो. कासारसाईतल्या अँड्रॉइड मोबाइलमध्ये आणि शेजारच्या हिंजवडीतल्या लिनक्स सर्व्हरमध्ये हे काम लिनक्स कर्नलच करतो.

आकडा एकाने वाढवण्यात तीन पायऱ्या असतात: जुना आकडा वाचणे, एक मिळवणे, परत लिहिणे. दोन प्रोसेसरांनी एकाच वेळी ५०० वाचले, तर दोघेही ५०१ लिहितात आणि एक पॅकेट हिशेबातून गळते. तिन्ही पायऱ्या एकसंध केल्या की चूक टळते. पण तो आकडा ठेवणारा कॅशचा तुकडा प्रोसेसरांमध्ये सारखा फिरत राहतो आणि वेग मंदावतो.

म्हणून प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा काउंटर दिला जातो. उर्से टोलनाक्यावर सगळ्या लेनच्या गाड्या एकाच वहीत लिहायच्या ठरवल्या तर रांगा लागतील. लेनगणिक वही ठेवून बेरीज नंतर करणे सोयीचे. इथेही तसेच.

तरीही दोन धोके उरतात. आकडा वाढवताना काम मध्येच दुसऱ्या प्रोसेसरवर हलू शकते, किंवा त्याच प्रोसेसरवर इंटरप्ट येऊन तोच काउंटर बदलू शकतो. त्यामुळे तेवढ्या क्षणापुरते काम हलवणे आणि गरजेप्रमाणे इंटरप्टही रोखतात. एक्स८६ प्रोसेसरवर मात्र ही वाढ एकाच सूचनेत उरकते.

३२ बिटांच्या यंत्रावर आणखी एक अडचण येते. ३२ बिटांचा बाइट-काउंटर सेकंदाला एक गिगाबिट वेगाने सुमारे ३४ सेकंदांत भरून पुन्हा शून्यावर येतो, म्हणून ६४ बिट लागतात. पण ते दोन तुकड्यांत लिहिले जातात आणि वाचणाऱ्याला अर्धा जुना, अर्धा नवा आकडा मिळू शकतो. यावर २०१० मध्ये एरिक डुमाझे यांनी लिनक्समध्ये क्रमांकाची युक्ती आणली. लिहिणारा सुरुवातीला आणि शेवटी एक क्रमांक वाढवतो. वाचणाऱ्याला तो विषम दिसला किंवा मध्येच बदललेला आढळला, तर तो पुन्हा वाचतो. अट एकच: एका वेळी एकच लिहिणारा. दोघे एकमेकांत घुसले, तर क्रमांक विषमच राहू शकतो आणि वाचणारा कायमचा अडकतो.

बेरीज करताना बंद पडलेल्या प्रोसेसरांचे काउंटरही धरावे लागतात, नाहीतर त्यांनी मोजलेली पॅकेट हरवतात. ही बेरीज एका नेमक्या क्षणाची नसते, कारण काउंटर एकामागून एक वाचले जातात. पण प्रत्येक आकडा अखंड असतो आणि मोजलेले पॅकेट सुटत नाही. आकडेवारीला एवढी खात्री पुरते.