विश्लेषण : कडुलिंब, गुळवेलीतून विषाणूंवर औषध मिळेल का?

बीड जिल्ह्यातील लिंबागणेश गावाच्या नावातच लिंब आहे. मराठवाड्यात कडुलिंब बांधाबांधावर दिसतो आणि त्यावर चढलेली गुळवेल सर्वांत गुणकारी, असे वैद्य सांगत आले आहेत. करोनाकाळात ही वेल घरोघरी उकळली गेली. डेंग्यूचे रुग्ण वाढले की पपईच्या पानांचा रस निघतो. या झाडपाल्यात विषाणू रोखणारे खरेच काही आहे का?

कडुलिंबाचे काय झाले?

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये कडुलिंबाच्या पानांचा अर्क डेंग्यूच्या विषाणूवर वापरून पाहिला. पेशींमध्ये आणि उंदरांच्या पिलांमध्येही विषाणूची वाढ रोखली गेली. गंमत म्हणजे, कडुलिंबातील सर्वांत प्रसिद्ध घटक अझाडिरॅक्टिन शुद्ध स्वरूपात दिल्यावर तो परिणाम दिसला नाही. म्हणजे काम करणारा घटक दुसराच होता, किंवा अनेक घटक मिळून काम करत होते. पाल्यापासून गोळीपर्यंतची वाट इथेच अडते. शिवाय काचेच्या बशीत विषाणू मरणे सोपे; तिथे साबणाचे पाणीही तो मारते. तेवढी मात्रा रक्तात पोहोचावी आणि यकृताला इजा होऊ नये, ही खरी परीक्षा.

ती पार केलेले उदाहरण आहे?

आहे, मसाल्याच्या डब्यात. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लूच्या साथीत दिलेल्या टॅमीफ्लूचा कच्चा माल, शिकिमिक आम्ल, प्रामुख्याने चक्रीफुलातून काढला जात असे. मात्र कारखान्यात अनेक रासायनिक प्रक्रिया झाल्यावरच त्याचे औषध बनते. चक्रीफुलाचा काढा पिऊन फ्लू जात नाही.

‘आयुष-६४’ची गोष्ट वेगळी. सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा यांचे हे मिश्रण मुळात मलेरियासाठी तयार झाले. करोनात मुंबई, वर्धा आणि लखनऊ येथे प्रत्येक गटात ७० रुग्ण घेऊन त्याची चाचणी झाली. नेहमीच्या उपचारांसोबत ते घेणारे लवकर बरे झाल्याचे सांगितले गेले. एवढ्या लहान चाचणीवरून त्याला विषाणूवरचे औषध म्हणणे घाईचे ठरेल.

मग गुळवेल घ्यावी की नाही?

२०२० च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांत यकृताला इजा आढळली. पुढे देशभरातून असे ४३ रुग्ण नोंदवले गेले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. त्या वेलीच्या खोडावर दाट गाठी असतात आणि दुधासारखा चीक निघतो. वाद काहीही असो, बांधावरून तोडलेली वेल कोणती हे ओळखता येत नसेल, तर ती उकळू नये. यकृताचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

पपईच्या रसाने प्लेटलेट वाढल्याचे काही लहान चाचण्यांत दिसले. जीव वाचतो असे सिद्ध झालेले नाही. डेंग्यूत ताप उतरू लागतानाच धोका वाढतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा खूप सुस्ती दिसली, तर रस काढत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नये.